‘ऑक्टोपाय’ आणि भाचीचा अर्धा गुण

परवा भाची रडवेली होऊन वही घेऊन आली. ‘ऑक्टोपसेस’वर लाल काट, अर्धा गुण कापलेला, शेजारी बाईंच्या अक्षरात ‘ऑक्टोपाय’. हे कुठून आलं ते लगेच कळलं. तोच फॉरवर्ड ताईने मला आदल्या दिवशी अंगठ्यासकट पाठवला होता: ऑक्टोपस लॅटिन शब्द, लॅटिनमध्ये शेवटी ‘अस’ असलं की अनेकवचनात ‘आय’, ‘ऑक्टोपसेस’ म्हणणारे अडाणी. शिवाय हा शब्द म्हणे आपल्या ‘अष्टपाद’वरून उचललेला, आणि व्हायरसचं अनेकवचन ‘व्हिरी’.

आधी तो नियम. मराठीत घोडा–घोडे, आंबा–आंबे. म्हणून लग्नाला चार काके आले, असं म्हणता का हो? लॅटिनमध्येही ‘कॉर्पस’चं ‘कॉर्पोरा’ होतं, कॉर्पाय नाही. ऑक्टोपस तर मुळात ग्रीक. ‘ऑक्टो’ म्हणजे आठ, ‘पूस’ म्हणजे पाय, आणि या ‘पूस’चं अनेकवचन ‘पोदेस’. एकवचनात दडलेला द तिथे बाहेर येतो. फोटोवाल्याच्या ट्रायपॉडमध्ये तो आहे, प्राणिशास्त्रात या गणाचं नाव ‘ऑक्टोपोडा’, त्यातही आहे. तेव्हा सोवळंच पाळायचं तर ‘ऑक्टोपोदेस’ म्हणा. पादचा द गाळून ‘पाय’ केला तो आपल्या प्राकृत-मराठीने. (‘ऑक्टोपाय’ कानाला गोड का लागतं, ते आत्ता कळलं.)

आता नाइलाजाने एक कबुली. रोमन लोक या प्राण्याला ‘पॉलिपुस’, म्हणजे बहुपाद, म्हणत. तोही ग्रीककडून घेतलेला, पण तो मात्र लॅटिनमध्ये द गमावून अनेकवचनात ‘पॉलिपी’ असाच चालतो (लॅटिनचा हा ‘ई’ इंग्रजी तोंडात ‘आय’ होतो). लुईस आणि शॉर्ट यांच्या 1879च्या लॅटिन कोशात बघा. म्हणजे नियम इथे खरा, पण शब्द भलताच. अष्टपायी अशा अर्थाचा अस्सल लॅटिन शब्द ‘ऑक्टिपेस’. रोमन कवी ओव्हिडने तो वापरलाय कर्क राशीच्या खेकड्यासाठी. प्राण्यांच्या प्रजातीला ‘ऑक्टोपस’ हे नाव दिलं फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिएने, 1797 साली.

‘अष्टपाद’ची चोरी? अष्ट आणि ऑक्टो, पाद आणि पोद ही भावंडं आहेत, संस्कृत आणि ग्रीक ज्यातून आल्या त्या एकाच जुन्या घरातली. भावाने भावाचं आडनाव लावलं तर त्याला चोरी म्हणत नाहीत. आणि ‘व्हिरी’ म्हणजे लॅटिनमध्ये पुरुष. पुढे काही बोलत नाही.

इंग्रजीत ‘ऑक्टोपाय’ चालतं, मेरियम-वेबस्टर हा अमेरिकी शब्दकोश दोन्ही रूपं देतो. पण पहिलं देतो ‘ऑक्टोपसेस’. ते पान छापून भाचीच्या वहीत चिकटवलंय. अर्धा गुण सोमवारी मागायचा आहे.