चार जणांचा तंबू, ओलं छत आणि चिरलेला पोल: तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय आणि सोबतचे तिन्ही फोटो नीट पाहिले. तक्रारी थोडक्यात अशा: चार जणांचा म्हणून भाड्याने दिलेल्या तंबूत दोन मोठी माणसं आणि दोन मुलं अवघडून झोपली, दुसऱ्या रात्री छत गळलं, वाऱ्यात एक पोल उभा चिरला, आणि स्वतःची गाडी असताना आम्ही रूफटॉप तंबू (गाडीच्या छतावर बसवायचा) किंवा कॅम्पर व्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) सुचवायला हवी होती. एक स्टार द्यायचा तुमचा हक्क आहेच. पण तंबू निवडायला निघालेले इतरही हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तंबूवरचा आकडा म्हणजे आत खेटून किती मॅट बसतात ती संख्या. माणशी साधारण 50 ते 60 सेंमी रुंदी धरलेली असते. तुमच्या तंबूचा तळ 210 बाय 240 सेंमी, पावतीवर तसं लिहिलंय. 60 चे चार पट्टे टाकले की तळ संपला. बॅगा, बूट, ओले कपडे या हिशेबात कुठेच नाहीत. म्हणून छापलेल्या आकड्यातून एक वजा करावा, मुलं आणि पाऊस दोन्ही असतील तर दोन. उंच माणसाने लांबीही बघावी, कारण भिंती तिरक्या असल्याने दोन्ही टोकांचे दहा-पंधरा सेंमी वापरता येत नाहीत.

आता गळतीचं. दुसऱ्या फोटोत बाहेरच्या आवरणाला आतून सगळीकडे सारखे बारीक थेंब दिसतात आणि शिवणींवरची टेप कोरडी आहे. शिवण गळते तेव्हा पाणी शिवणीच्या रेषेतून ओघळतं, कापडभर पसरत नाही. हे तुमच्याच श्वासाचं पाणी आहे. झोपलेल्या मोठ्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास वाफ बाहेर पडते; मुलांची धरून चौघांची किती होईल बघा. थंडी वाजते म्हणून तुम्ही वरच्या दोन्ही झरोक्यांच्या झडपा चिकटवून टाकल्या होत्या, त्या फोटोत दिसतात. झरोके थंडीतही उघडेच ठेवायचे आणि ऊब अंथरुणा-पांघरुणातून घ्यायची. (उबेसाठी आत शेगडी किंवा निखारे ठेवायचा विचारही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतून जाग येत नाही.)

पण थेंब नुसते आवरणाला असते तर तुम्ही भिजला नसता. ते आत आले कारण आवरण सैल पडून आतल्या जाळीला टेकलं होतं. आणि ते का सैल पडलं, ते पहिल्या फोटोत आहे: तणावे, म्हणजे आवरण मेखांकडे ओढून ताठ ठेवणाऱ्या दोऱ्या, रबरबँड लावलेल्या गुंडाळ्यांसकट कोपऱ्यांवर लोंबताहेत. आम्ही देताना जसे बांधले होते तसेच. तणावे शोभेचे नाहीत. ते ओढले की आवरण आतल्या खोलीपासून लांब राहतं, आणि वाऱ्याचा जोर पोलवर न येता जमिनीत उतरतो. तणावे नसतील तर सगळा जोर पोलच्या वाकण्यावर येतो. फायबरग्लासचा पोल बहुधा तुकड्याच्या टोकाशी, धातूच्या नळीजवळ उभा चिरतो, विशेषतः जोड पूर्ण आत बसला नसेल तर. ॲल्युमिनियम आधी वाकतो, म्हणजे निदान कळतं तरी. मेखा डोकं तंबूपासून बाहेर कलेल अशा ठोकायच्या, आणि तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे ठेवायची. पोल चिरलाच तर पिशवीतली वीतभर धातूची नळी चिरेवर सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निघते. ती नळी न वापरता परत आली आहे.

तिसऱ्या फोटोत ताडपत्री तंबूच्या बाहेर वीतभर आलेली दिसते. आवरणावरचं पाणी तिच्यावर पडून थेट तळाखाली जातं, आणि गुडघा टेकला की तळातून वर येतं. ताडपत्री चारही बाजूंनी 5 सेंमी आत दुमडायची.

राहिलं रूफटॉपचं. निवाऱ्याचा पहिला प्रश्न ‘माणसं किती’ हा नसून ‘एका जागी रात्री किती’ हा आहे. तुमचा मुक्काम चार रात्री एकाच जागी होता. रूफटॉप रोज जागा बदलणाऱ्यांना उत्तम. एका जागी राहून दिवसा गाडीने भटकायचं असेल तर दर वेळी घर मोडून निघावं लागतं, तेही ओलं. शिवाय 140 सेंमी रुंदीच्या तंबूत दोघंच नीट झोपतात. चौघांचा रूफटॉप 70-80 किलोच्या घरात जातो, वर कॅरियरचं वजन. अनेक कुटुंबाच्या गाड्यांची चालत्या गाडीतली छताची मर्यादा 50 ते 75 किलो असते. उभ्या गाडीचं छत त्याच्या काही पट भार सोसतं, म्हणून झोपताना अडचण येत नाही. अडचण वळणावर आणि ब्रेक लावताना येते.

व्हॅन घेताना झोपायच्या जागा आणि सीटबेल्ट वेगवेगळे मोजा, चार गाद्या म्हणजे चार बेल्ट नव्हेत. पाणी, माणसं, सामान मिळून वहनक्षमता किती उरते तेही बघा. 60 लिटर पाणी म्हणजे 60 किलो.

तुमच्या मुक्कामाला सहा जणांचा, पुढे ओसरी असलेला टनेल (बोगद्याच्या आकाराचा) तंबू बसला असता. मात्र तो मेखांशिवाय उभा राहत नाही, त्यामुळे खडकाळ जागेवर दोन छोटे डोम (घुमटाच्या आकाराचे, स्वतःच्या पोलवर उभे राहणारे) तंबूच बरे.

पोलचे पैसे तुमच्या अनामतीतून कापलेले नाहीत, कापणारही नाही. तंबूचं भाडं मात्र परत करता येणार नाही, कारण तंबूत दोष नाही. पुढच्या वेळी रूफटॉपच हवा असेल तर गाडीच्या मॅन्युअलमधलं छताच्या भाराचं पान आणि कॅरियरच्या दोन आडव्या दांड्यांमधलं अंतर घेऊन या. हे दोन आकडे हाती नसतील तर आम्ही तो तंबू गाडीवर चढवून देत नाही.