पत्त्याची शेवटची ओळ वाचूच नका

स्कूटरच्या एचएसआरपी नंबरप्लेटचे पैसे एखाद्या अनोळखी माणसाला दान करायचे असतील, तर हा सल्ला मनावर घ्या. मी परवाच घेतला. ५३० रुपये पडले, तुम्हाला फुकट सांगतोय.

घरच्या ग्रुपवर आलेली लिंक तपासणं म्हणजे वडीलधाऱ्यांचा अपमान. आमच्या खानापूरच्या मामांनी पाठवलेली, वर 'आज शेवटची तारीख'. मग तपासायचं कसलं?

वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं की निर्धास्त व्हा. चोर काय आपल्या घराला कुलूप लावत नाही होय?

पत्त्याच्या शेवटी डॉट ऑर्ग दिसलं की समाजसेवाच समजा. ते कुणालाही मिळतं, हे विसरून जा. डॉट एआय बघून भारावून जा; ते अँग्विला नावाच्या बेटाचं आहे. डॉट टीव्ही तुवालूचं.

आणि पत्त्यात कुठंही 'जीओव्ही' दिसलं की हात जोडा. माझ्या लिंकमध्ये होतं की! आधी 'कर्नाटक', मग 'जीओव्ही', मग आडवी रेघ, मग 'इन', आणि सगळ्यांच्या मागं मुकाट बसलेलं 'डॉट एक्सवायझेड'. मोबाइलवर ते टोक दिसतसुद्धा नाही. पैसे गेले, पावती नाही, आणि भाचा शेजारून विचारतोय, "काय मामा, चक्र अजून फिरूलालंय?"

अहो, जीओव्ही डॉट इन सरकारी खात्यांनाच मिळतं, पण ते शेवटी पाहिजे. मधे कुणीही काहीही लिहील. नुसतं डॉट इन तर २००५ पासून कुणालाही मिळतं, वर्षाला काही शे रुपये टाकले की झालं. मालक कोण ते टोकाला कळतं. पाकिटावर नाही का लिहीत, नाव, गल्ली, ता. खानापूर, जि. बेळगाव, आणि सगळ्यात खाली राज्य? त्या खालच्या एका शब्दासाठी आपण १९५६ पासून भांडतोय! दर १ नोव्हेंबरला काळ्या फिती बांधतोय, २००४ पासून सुप्रीम कोर्टात तारखा मोजतोय. दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरं किती मोठी हे रस्त्यापलीकडून ओळखणारी माणसं आपण, आणि हातातल्या मोबाइलवरची शेवटची तीन अक्षरं वाचवत नाहीत?

देवनागरीत डॉट भारत २०१४ सालीच आलं. मराठी पाटीसाठी घसा कोरडा करणाऱ्यांपैकी किती जणांनी घेतलं, ते विचारू नका. रिझर्व्ह बँकेनं तर बँकांना डॉट बँक डॉट इनवरच यायला लावलं, तेवढ्यासाठीच. तरी तुम्ही 'केवायसी अपडेट' म्हणून कुठल्याही डॉट टॉपवर ओटीपी टाकणार.

पुरे झालं. आळस आहे हा, दुसरं काही नाही. माझाही होता, म्हणून सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावत बसलो. काल रात्री त्याच ग्रुपवर लाइट बिलाची लिंक आलीय, शेवटी डॉट शॉप. मामा, डिलीट करा आधी ती, मग जेवायला या.