आईच्या खोलीत ॲमेझॉन

मासा घरात आला तेव्हा माझ्या करंगळीपेक्षा थोडा मोठा होता. चिरंजीवांनी तो पिशवीतून आणला, तीन फुटी टाकीत सोडला, आणि पुण्याला नोकरी लागल्यावर जाताना सांगून गेले, "बाबा, दोन वेळा खायला टाका, बाकी काही नाही."

बाकी जे काही होतं ते वर्षभरात दीड फूट लांब झालं.

सिल्व्हर अरोवाना. अंग चांदीच्या पट्टीसारखं, हनुवटीला दोन मिशा, आणि तोंड वरच्या बाजूला उघडणारं, त्यामुळे चेहऱ्यावर कायम पेन्शनचा अर्ज परत आलेल्या माणसाचा भाव. जीभसुद्धा हाडाची, आणि तिच्यावर दात. हा पुढे तीन फुटांपर्यंत वाढतो, हे दुकानदाराने चिरंजीवांना सांगितलं नव्हतं किंवा चिरंजीवांनी आम्हाला. तीन फुटी टाकीत त्याला वळायचं म्हणजे इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत ट्रक वळवण्यासारखं होतं. तो पुढे-मागे करायचा, शेपूट काचेला घासायचा आणि मग माझ्याकडे बघायचा.

तेव्हा सहा बाय दोन बाय दोनची टाकी करायची ठरली. मी दिवाणखान्यात, म्हणजे पहिल्या मजल्यावर, जागासुद्धा मोजून ठेवली. शेजारचे काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. ते चहा प्यायला आले आणि त्यांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला. चोवीस घनफूट, म्हणजे काठोकाठ ६८० लिटर, म्हणजे ६८० किलो. बारा मिलिमीटरची काच, ती आणखी १२० किलो. स्टँड धरून साडेआठशे. राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात, आणि तुमची टाकी जेमतेम एका चौरस मीटरवर बसणार.

"पडेल का?" मी विचारलं.

"पडणार नाही बहुतेक," काका बशीत चहा ओतत म्हणाले. "पण तुम्हाला झोप लागणार नाही."

खाली मातीवर टेकलेली एकच खोली होती, आईची. गुडघ्यांमुळे ती वर येत नाही. खोलीत पलंग, देवघर आणि एक अख्खी भिंत मोकळी. मी घाबरतच विषय काढला.

"कुठला आहे तो मासा?"

"ॲमेझॉनचा."

"मग परत करता येत असेल ना?"

ती नदी आहे, दक्षिण अमेरिकेत, वगैरे मी सांगितलं. आईने देवघराकडे बघून सुस्कारा सोडला आणि पहिला अवतार मत्स्यच होता, या एकाच मुद्द्यावर परवानगी दिली. खाणं मात्र वरच्या फ्रीजमध्ये ठेवायचं, ही अट. ती सौभाग्यवतींनी ऐकली तेव्हापासून आमच्या फ्रीजरमध्ये मटार आणि झिंगे यांच्यामध्ये साबुदाण्याच्या पापडांचा डबा सीमेवर उभा असतो.

एवढी टाकी दारातून आत येत नाही, कारागीर जागेवरच जोडतात. सिलिकॉन वाळेपर्यंत खोलीला व्हिनेगरचा असा वास सुटला की वरच्या भाडेकरूंच्या मुलाने दोनदा विचारलं, आजी चायनीज करताहेत का. त्यात आमची फरशी जुनी, मोरीकडे ढाळ दिलेली. रिकाम्या टाकीत ते कळत नाही. पाणी भरलं की कळतं, कारण पाणी कधी कोणाची भीड ठेवत नाही: डावीकडे काठापासून दोन इंच, उजवीकडे सव्वा. सगळं पाणी उपसून स्टँडखाली पट्ट्या, काचेखाली थर्माकोल, पुन्हा पाणी.

हे 'पुन्हा पाणी' इंदूरबाहेरच्या माणसाला समजायचं नाही. आमच्याकडे नर्मदा येते ती जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, पंपांनी माळव्याच्या पठारावर चढवून. १९७८ मध्ये ती शहरात पहिल्यांदा आली तेव्हाचं कौतुक आई अजून सांगते. आणि नळ एक दिवसाआड.

"नर्मदामैया एवढा घाट चढून येते," सौ. म्हणाल्या, "ती काय तुमच्या माशाला आंघोळ घालायला?"

त्यावर मी काही बोललो नाही, कारण दर आठवड्याला चौथा हिस्सा, म्हणजे १७० लिटर पाणी बदलायचं असतं, हे मी तेव्हा सांगितलेलंच नव्हतं. (ते काढलेलं पाणी कढीलिंबाला घालतो. कढीलिंब आता गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचलाय. या सगळ्या प्रकरणात निखळ फायदा झाला तो त्याचा.)

पाणी भरलं तरी मासा लगेच सोडता येत नाही. क्लोरीन उडायला हवं, ते एक. पण खरी गोम पुढे आहे. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते चालतं. ही मंडळी फिल्टरमध्ये वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. तोवर गल्लीतली माणसं येऊन सहा फूट पाणी बघून जात होती. "मासा कुठाय?" म्हणायची. मी अमोनियापासून सुरुवात करायचो, ती चपला घालायला लागायची.

"एवढं काय सांगत बसतोस?" आई म्हणाली. "विरजण लागायचंय म्हणावं."

आणि खरोखर विरजणच की! जुन्या टाकीच्या फिल्टरमधला मळका स्पंज नव्या फिल्टरमध्ये घातला की काम लवकर होतं. आईने तो स्पंज पाहिला आणि त्या रात्री दही खाल्लं नाही.

मासा नव्या टाकीत गेला, एका झोकात वळला, आणि मला वाटलं संपलं. पण उजेड राहिला होता.

मी आधी टाकीच्या मागच्या बाजूला एक ट्यूब लावली. मासा काळाठिक्कर दिसू लागला, उजेड त्याच्या पाठीमागे आणि आम्ही पुढे. शिवाय समोरच्या काचेत खोलीचा दिवा, पलंग आणि माझं टक्कल हे सगळं माशापेक्षा स्पष्ट दिसत होतं. मग अंगणातला पन्नास वॉटचा फ्लडलाइट काढून वर बांधला. पंधरा दिवसांत काचेवर हिरवं शेवाळ, आणि वरच्या पाण्यात राहायचा मासा तळाच्या कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेला. शेवटी वायरमनला बोलावलं.

आमचा वायरमन साधा नाही. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्यांना, म्हणजे चित्ररथांना, रोषणाई करणारा माणूस. इंदुरात गिरण्या बंद पडल्या पण त्यांच्या झांक्या बंद पडल्या नाहीत. रात्रभर रस्त्यावर ज्या फिरत्या चक्रांकडे आणि रंग बदलणाऱ्या शेषनागाकडे आम्ही लहानपणी आ वासून बघायचो, त्या घराण्यातला हा. त्याने टाकीकडे एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "भिया, टेंशन मत लो. ऐसी लाइट मारूँगा के पूरा रामबाग देखने आएगा."

संध्याकाळी सातला उद्घाटन. खोलीत पूर्ण अंधार करायचा, असा त्याचा आग्रह. आई सोवळं नेसून देवापुढे बसलेली, जप चालू. त्याने बटण दाबलं. लाल, हिरवा, निळा एकामागून एक धावत सुटले, आणि त्याच क्षणी धाडकन आवाज होऊन झाकणाची काच उडाली आणि ॲमेझॉन आईच्या पुढ्यात येऊन पडलं.

हा मासा त्याच्या देशात पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीवरचे किडे उडी मारून खातो, हे मी वाचलं होतं. झाकणावर वजन ठेवायचं असतं, हेही वाचलं होतं.

मी ओरडत होतो, वायरमन "पकड़ो पकड़ो" म्हणत पलंगावर चढला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांत जिने बोंबलाला बोट लावलं नाही त्या माझ्या आईने अभिषेकाचा तांब्या सोवळ्याच्या पंच्यावर उपडा केला, त्या ओल्या पंच्यात तो सापासारखा वळवळणारा मासा लहान मुलासारखा गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "घाल आत. आणि बंद कर रे तुझी ती झांकी." मग दुसऱ्यांदा आंघोळीला गेली.

आंघोळ करून आल्यावर तिने विचारलं, त्याला झालं काय एकदम? मी सांगितलं, माशाला पापण्या नसतात. अंधारातून एकदम दिवा लागला की तो बिथरतो. म्हणून आधी खोलीतला उजेड, मग थोड्या वेळाने टाकीतला, असं करायचं असतं.

"पापणी नाही त्याला? मग असा तोंडावर दिवा काय मारता, मेल्यांनो?"

दुसऱ्या दिवसापासून उजेड आईच्या ताब्यात. पहाटे पाचला निरांजन. मग झिरोचा बल्ब. उजाडलं की पडदा, मग खोलीतली ट्यूब, आणि पूजा आटोपल्यावर टाकीवरची एक बेताची पांढरी पट्टी, समोरच्या काठालगत बसवलेली. (ही जागा मात्र वायरमनने काढली, त्याचं श्रेय त्याला.) रात्री हेच सगळं उलट्या क्रमाने, आणि झाकणावर जुना पोळपाट. मासा आता असा चमकतो की सराफ्यातल्या दुकानदाराने वजन विचारावं. या जातीत अंडी नर तोंडात घेऊन सांभाळतो, तेवढे दिवस धड खातसुद्धा नाही, हे आईने माझ्याकडून ऐकलं आणि सौ.ना सांगितलं. त्यानंतर दोघी माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती सोसतो आहे.

दिवाळीला चिरंजीव रात्री साडेदहाला आले. थेट आजीच्या खोलीत. हात सवयीने बटणाकडे गेला, तोच अंधारातून आवाज आला:

"दिवा लावू नकोस! आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

"आजी, त्याला पापण्या..."

"हळू बोल."

चिरंजीव अंधारातच नमस्काराला वाकले आणि स्टँडच्या लोखंडी कोपऱ्यावर कपाळ आपटून घेतलं. मासा जागचा हलला नाही.