जंत साखरेतून नाही, मातीतून येतात

शाळेत जंतनाशक गोळी द्यायचा दिवस जवळ आला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. गोषवारा असा: गोड खाल्ल्याने मुलांच्या पोटात जंत तयार होतात, जंत ही गांडुळाचीच जात, एकदा झाले की आतल्या आत त्यांची पिलावळ वाढत जाते, तेव्हा गोड बंद करा, गोळी नको. मी प्राणिशास्त्र शिकवते. यातलं एकही विधान खरं नाही, आणि शेवटच्यामुळे मुलं गोळीला मुकतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी गोडाचं. "गोड खाऊ नकोस, जंत होतील" हे आपल्यापैकी बहुतेकांनी आजीकडून ऐकलंय. दातांसाठी तिचं म्हणणं योग्यच होतं. पण जंत बाहेरूनच अंगात यावा लागतो, बरेचदा अंड्याच्या रूपात तोंडावाटे. मोठ्या गोलकृमीची, म्हणजे एस्कॅरिसची, अंडी विष्ठेवाटे मातीत पडतात. ताजं अंडं गिळलं तरी काही होत नाही. उबदार, ओलसर मातीत दोन-तीन आठवडे गेले की आत अळी तयार होते आणि मग ते अंडं धोक्याचं ठरतं. न धुतलेली कोथिंबीर, मातीसकट खाल्लेलं गाजर, मुलांच्या नखांत अडकलेला मळ यांतून ते पोटात जातं. तिथून अळीचा प्रवास थक्क करणारा आहे. ती आतड्याची भिंत भेदते, रक्तावाटे यकृतात आणि पुढे फुप्फुसांत जाते, श्वासनलिकेतून घशाशी चढते, पुन्हा गिळली जाते आणि मग कुठे आतड्यात मुक्काम ठोकते. १९२२ साली शिमेसु कोइनो या जपानी संशोधकाने स्वतः २००० अंडी गिळली. तो चांगलाच आजारी पडला आणि त्याच्या थुंकीत या अळ्या सापडल्या. साखरेचा या वाटेवर कुठेच संबंध येत नाही.

"पण जंतांना गोड आवडतं ना?" असं पालक विचारतात. जंत आपल्या पचलेल्या अन्नावर जगतो, आणि भाकरीतल्या पिठाचीही आतड्यात शेवटी साखरच होते. चॉकलेट बंद केल्याने तो उपाशी मरत नाही.

गांडुळाच्या नात्याची समजूत जुनी आहे. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली एस्कॅरिसच्या नावात 'लुंब्रिकॉइडिस' हा शब्द घातला, त्याचा अर्थच 'गांडुळासारखा'. आमच्या प्रयोगशाळेत फॉर्मालिनच्या बरणीत एक मादी आहे: वीतभर लांब, पेन्सिलीएवढी जाड, दोन्ही टोकांना निमुळती, अंगावर एकही वळं नाही. शेजारच्या बरणीतला नर लहान, शेपटाला आकड्यासारखा वळलेला. गांडुळाचं अंग वळ्यावळ्यांचं असतं, आणि शेपटाकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर बारीक केस खरखरीत लागतात. गांडूळ लांब-आखूड होत सरकतं. गोलकृमीला फक्त उभे स्नायू असतात, त्यामुळे तो नुसता वळवळतो. शिवाय वाढताना तो चार वेळा कात टाकतो. १९९७ साली जनुकीय तुलनेवरून संशोधकांनी कात टाकणाऱ्या प्राण्यांचा एक मोठा गट मांडला. त्यात गोलकृमी कीटक, कोळी, खेकडे यांच्यासोबत बसतात. गांडूळ मात्र गोगलगाय-शिंपल्यांच्या बाजूला जातं. म्हणजे एस्कॅरिसला गांडुळापेक्षा झुरळ जवळचं.

हे वर्गीकरण नुसतं पुस्तकी नाही. आपल्या 'जंत' या एका शब्दात अनेक प्राणी कोंबलेले आहेत. अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो. हत्तीरोगाचा कृमी डासाबरोबर येतो. जुन्या पिढीला आठवत असलेला नारू पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यातून यायचा. हे सगळे गोलकृमीच. प्रत्येकाची वाट वेगळी, आणि ती ओळखली तरच ती बंद करता येते. नारूवर लस नव्हती आणि त्याला मारणारं औषधही नव्हतं. पाणी गाळून, विहिरी सुधारून तो हटला, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

पिलावळीचं थोडक्यात सांगते. एस्कॅरिसची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते, पण मातीत गेल्याशिवाय ती पिकत नाहीत. जितकी पिकलेली अंडी गिळली, जंत फार तर तितकेच. सुतकृमीचं, म्हणजे गुदद्वाराशी खाज आणणाऱ्या बारीक जंताचं, मात्र वेगळं आहे: त्याची अंडी काही तासांतच तयार होतात आणि खाजवलेल्या बोटांवरून परत तोंडात जातात. तिथेही इलाज नखं कापणं आणि हात धुणं हाच.

राहिली गोळी. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. हे औषध जंताला ग्लुकोज शोषूच देत नाही. मुलाचं गोड बंद करून जे साधत नाही, ते ही गोळी करते. पोटात जंत जास्त असतील तर नंतर थोडी मळमळ होते किंवा पोट दुखतं, आणि बहुधा ते लवकरच थांबतं. ताप वगैरे असेल तर त्या दिवशी गोळी देत नाहीत. मूल बरं झाल्यावर मागून घ्या. आणि सहा महिन्यांनी पुन्हा का, तर गोळी पोट साफ करते, अंगणातली माती नाही. तिथली अंडी कित्येक वर्षं तग धरतात.