'अ नंबर ऑफ'नंतर एकवचनी क्रियापद लिहू नका

औपचारिक इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी म्हणून एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. त्यात तीन नियम ठासून सांगितले आहेत: 'अ नंबर ऑफ'नंतर क्रियापद एकवचनीच हवे, कारण 'नंबर' हे नाम एकवचनी आहे, मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी 'लेस' कधीच चालत नाही, आणि 'नन' म्हणजे 'एकही नाही', म्हणून तेही कायम एकवचनी. अहवाल आणि प्रबंध लिहिणारे लोक या संदेशाच्या भरवशावर आपली बरोबर असलेली वाक्येही बदलतात, म्हणून हे उत्तर.

पहिला नियम साफ चुकीचा आहे. 'अ नंबर ऑफ एरर्स वेअर फाउंड' हेच वाक्य शुद्ध आहे, कारण तेथे 'अ नंबर ऑफ' हा सगळा शब्दसमूह 'अनेक' या विशेषणासारखा वागतो आणि कर्त्याचे वचन 'एरर्स'वरून ठरते. त्याजागी 'सेव्हरल' घालून वाचले की शंका उरत नाही. मात्र 'अ'च्या जागी 'द' आला की अर्थ 'संख्या' असा होतो आणि क्रियापद एकवचनी होते: 'द नंबर ऑफ एरर्स वॉज स्मॉल'. आपण मराठीत 'बरीच पत्रे आली' आणि 'पत्रांची संख्या वाढली' असे न अडखळता म्हणतो. फरक नेमका तोच आहे. शिवाय केवळ शब्दार्थावरून वचन ठरत असते, तर 'मोर दॅन वन आन्सर इज पॉसिबल' हे वाक्य अशुद्ध ठरले असते, कारण एकाहून अधिक म्हणजे अनेक. पण तेथे एकवचनच रूढ आहे.

दुसऱ्या नियमात तथ्य आहे, पण अर्धेच. औपचारिक लेखनात 'लेस मिस्टेक्स' टाळून 'फ्युअर मिस्टेक्स' लिहावे, हे मलाही मान्य आहे. परंतु अंतर, काळ, पैसा, वजन यांचा विचार सुट्या नगांचा नसून एकाच मापाचा असतो, आणि म्हणून 'लेस दॅन फिफ्टी किलोमीटर्स' हेच योग्य; तेथे 'फ्युअर' घालणे हा अतिशुद्धतेचा दोष होय. शब्दमर्यादा सांगताना 'फाइव्ह हंड्रेड वर्ड्स ऑर लेस' हेही रूढ आणि निर्दोष आहे. मुळात हा भेद प्राचीन नाही. जुन्या इंग्रजीतही मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'लेस'चे पूर्वरूप वापरले जाई. 1770 मध्ये इंग्रजीच्या वापरावर लिहिणारे लेखक रॉबर्ट बेकर यांनी 'फ्युअर' अधिक बरे वाटते असे लिहिले, तेही स्वतःची पसंती म्हणून, आणि पुढच्या व्याकरणकारांनी त्या पसंतीचा नियम केला.

'नन'ची व्युत्पत्ती 'एक नाही' अशीच आहे. तरीही अनेकवचनी 'नन' जुन्या इंग्रजीपासून चालत आले आहे. 'नन ऑफ द इन्फर्मेशन'नंतर 'वॉज'च येईल, कारण माहिती मोजता येत नाही. 'नन ऑफ द फाइल्स'नंतर मात्र 'वॉज' आणि 'वेअर' दोन्ही शुद्ध आहेत. एकही नाही यावरच भर द्यायचा असेल, तर 'नॉट वन ऑफ द फाइल्स वॉज' असे सरळ लिहिता येते.