गायतोंडे यांना ‘नापास’ करणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. तिची बारावी झाली आहे, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हींत ए ग्रेड, आता फाइन आर्टच्या सीईटीची तयारी चालली आहे. आवाज पार बसला होता. म्हणाली, “मावशी, बाबांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज वाचलास का? तो चुकीचा आहे एवढं कळतंय, पण कुठे चुकतो ते मला सांगता येत नाहीये. तू सांग.”

मेसेज मी आधीच तीनदा वाचला होता, वेगवेगळ्या तीन ग्रुपांवर. नाव ‘कलेच्या पाच कसोट्या’. वर चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या एका अमूर्त चित्राचा फोटो, खाली ‘किंमत ४० कोटी!’, आणि मग एकेक सिद्धांत लावून निकाल. प्लेटो: कला म्हणजे हुबेहूब अनुकरण, इथे कशाचंच अनुकरण नाही, नापास. भरतमुनी: रस हवा, इथे ना नायक ना नायिका, नापास. टॉलस्टॉय: भावना पोचली पाहिजे, पोचत नाही, नापास. मर्ढेकर: लय हवी, दिसत नाही, नापास. पाचवा ‘आधुनिक पाश्चात्त्य सिद्धांत’: गॅलरी म्हणेल ती कला, यात मात्र पास. म्हणजे ही कला नसून श्रीमंतांची फसवाफसवी आहे, आणि ‘मुलांना असल्या कॉलेजांत घालून त्यांचं आयुष्य वाया घालवू नका’. हे शेवटचं वाक्य भाऊजींनी ठळक करून पाठवलं होतं.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते, सौंदर्यशास्त्राचा पेपर बरीच वर्षं माझ्याकडे आहे. एरवी असे मेसेज मी सोडून देते. हा सोडणार नाही, कारण यात पाच मोठी नावं एका अठरा वर्षांच्या मुलीला गप्प करायला वापरली आहेत, आणि त्यातल्या एकाही नावाचं म्हणणं धड सांगितलेलं नाही.

प्लेटोपासूनच पाहा. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या पुस्तकात त्याने पलंगाचं उदाहरण दिलं आहे. एक पलंग देवाने घडवलेला, म्हणजे पलंगाचं मूळ तत्त्व. दुसरा सुताराचा, त्या तत्त्वाची नक्कल. तिसरा चित्रकाराचा, नकलेची नक्कल, सत्यापासून आणखी दूर गेलेला. अनुकरण करणाऱ्या कवीला त्याच्या आदर्श नगरीत जागा नाही ती याचसाठी. म्हणजे प्लेटोच्या लेखी हुबेहूबपणा हा कलेचा गुण नाही, तिच्यावरचा आरोप आहे! त्याची कसोटी लावायचीच असेल तर पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून पाहणारी रविवर्म्याची शकुंतला आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहील. गायतोंडे यांनी कशाचीच नक्कल केलेली नाही, तेव्हा निदान हा आरोप त्यांच्यावर ठेवता येत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने ज्याला साक्षीला बोलावलं तो साक्षीदार उलटा बोलतो, आणि हजारो लोकांनी त्याला न वाचताच मेसेज पुढे पाठवला. अनुकरणाला मान दिला तो अ‍ॅरिस्टॉटलने. पण त्यानेही ‘काव्यशास्त्रा’च्या सुरुवातीलाच बासरी आणि तंतुवाद्यांचं बरंचसं वादन अनुकरणात धरलं आहे. बासरी कुठल्या झाडाची किंवा माणसाची हुबेहूब नक्कल करते? अनुकरण म्हणजे फोटोसारखं दिसणं, असं त्यालाही म्हणायचं नव्हतं.

टॉलस्टॉयला फार वेळ देत नाही. कलावंताने स्वतः अनुभवलेली भावना दुसऱ्याला लागण व्हावी तशी पोचवणं म्हणजे कला, हे त्याचं म्हणणं खरंच तसं आहे. पण याच मापाने त्याने बेथोव्हेनची नववी सिंफनी बाद केली, आणि स्वतःचं जवळजवळ सगळं कथात्म लेखनही. दोन कथा तेवढ्या ठेवल्या. जी कसोटी तिच्या कर्त्याच्याच कादंबऱ्या बाहेर काढते तिच्यात नापास होण्याने काय सिद्ध होतं? आणि ‘मला काही वाटलं नाही’ हा टॉलस्टॉयचा सिद्धांत नव्हे. ती मेसेज लिहिणाऱ्याने स्वतःविषयी दिलेली माहिती आहे.

मर्ढेकरांचं नाव तर इथे यायलाच नको होतं. संवाद, विरोध आणि समतोल या लयींतून संवेदनांची रचना होते, हा त्यांचा सिद्धांत. रंगाशेजारचा रंग, गडदाशेजारचं फिकं, यांचे एकमेकांशी जुळणारे किंवा भांडणारे संबंध पाहायचे. विषय नसलेल्या चित्राला याहून सोयीचा मराठी सिद्धांत मला माहीत नाही. त्याची खरी ओढाताण होते ती साहित्यात, कारण शब्दाला अर्थ चिकटलेला असतो. तिथे त्याच्यावर घेतलेले आक्षेप मलाही पटतात. पण ज्या प्रांतात तो पाय रोवून उभा आहे तिथेच त्याला चित्राविरुद्ध वापरायचं, हे अज्ञान आहे.

आता भरत. हा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला, कारण यात अर्धं खरं आहे आणि भाचीही नेमकी इथेच अडली होती. विभाव (भाव जागवणारी माणसं, प्रसंग), अनुभाव (भाव दाखवणारे हावभाव) आणि व्यभिचारी भाव (येऊन जाणारे भाव) यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती होते, हे नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातलं सूत्र. ते नाट्याबद्दल आहे, पण एवढं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात चित्राचेही नऊ रस सांगितले आहेत, म्हणजे आपल्याकडे रस चित्रापर्यंत फार पूर्वी पोचला होता. मात्र तिथली चित्रं माणसांची, देवतांची, प्रसंगांची आहेत. ज्या चित्रात माणूसच नाही तिथे विभाव कुठून आणायचा? अडचण खरी आहे, आणि मेसेजने ती दाखवली हे मी मान्य करते.

पण तिथे थांबायचं कसं? अडचण दिसली की विद्यार्थी पुढचा प्रश्न विचारतो, आणि इथला पुढचा प्रश्न आपल्या घरातच आहे. भाऊजी दर रविवारी सकाळी शास्त्रीय संगीत लावून बसतात. आलापात शब्द नसतात, नायिका नसते, प्रसंग नसतो. अर्धा तास नुसता स्वर वाढत जातो. तिथे त्यांनी कधी विचारलं आहे का, की हा आलाप कशाचा आहे? शब्दावाचून राग रसापर्यंत कसा जातो, या प्रश्नाशी किशोरीताई आमोणकर जन्मभर झगडल्या, ‘स्वरार्थरमणी’ हा आख्खा ग्रंथ त्यांनी रागरससिद्धान्तावर लिहिला. त्यांचं उत्तर कुणाला पटेल, कुणाला नाही. पण नायक-नायिका नसताना रसाचा विचार करता येतो, हे सांगायला त्याहून मोठा पुरावा लागत नाही. भरताच्या सूत्रात न बसणारी गोष्ट समोर आली तेव्हा किशोरीताईंनी रागाला नापास केलं नाही. सूत्राचाच नव्याने विचार केला.

गायतोंडे यांचे चाहतेही इथे आळस करतात, तेही सांगून टाकते. चित्र शांत दिसलं की ‘शांतरस’, ते झेन या बौद्ध ध्यानपंथाविषयी वाचत असत म्हणून ‘झेन’. चित्रावर लेबल चिकटवून निघून जाणं आणि चित्राला नापास करून निघून जाणं, दोन्हींत चित्र पाहायचं राहूनच जातं.

पाचवी कसोटी सर्वांत घातक, कारण ती ऐकायला खरी वाटते. १९६४ साली न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत अँडी वॉरहॉल या कलावंताने ब्रिलो या घासणीच्या खोक्यांसारखी लाकडी खोकी मांडली. दुकानातली पुठ्ठ्याची खोकी आणि ही खोकी पाहून ओळखता येऊ नयेत इतकी सारखी. आर्थर डँटो या तत्त्ववेत्त्याने ती पाहिली आणि त्याच वर्षी निबंध लिहिला. त्याचा प्रश्न किमतीचा नव्हताच. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तूंपैकी एक कलाकृती आणि दुसरी नुसतं खोकं, असं का? त्याचं उत्तर असं, की हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी कलेचा इतिहास आणि तिच्याविषयीचा विचार माहीत असावा लागतो. पुढे जॉर्ज डिकी या तत्त्ववेत्त्याने कलाव्यवहाराच्या, म्हणजे कलावंत, गॅलऱ्या, समीक्षक यांच्या मिळून झालेल्या, संस्थेवर आधारलेली व्याख्या केली. त्याच्या १९७४ च्या मांडणीत ही संस्था वस्तूला देते तो दर्जा ‘आस्वादासाठीच्या उमेदवारा’चा. उमेदवारी अर्ज भरला म्हणजे निवडून आलो, असं आपल्याकडे ग्रामपंचायतीलाही कुणी म्हणत नाही. ही वस्तू कला या सदरात येते का, हा एक प्रश्न. ती चांगली आहे का, हा दुसरा. डिकी पहिल्याचं उत्तर देतो. मेसेजने ते दुसऱ्याच्या जागी चिकटवलं आणि वर ४० कोटींचा आकडा ठोकला.

आकड्याविषयीही बोलू. गायतोंडे यांचं १९६१ मधलं एक चित्र २०२१ च्या मार्चमध्ये लिलावात ३९ कोटी ९८ लाखांना गेलं, हे खरं आहे. लिलावातल्या किमतीने चित्राची गुणवत्ता ठरत नाही, हेही खरं. पण किमतीने ती ठरत नसेल तर किंमत जास्त आहे म्हणून चित्र खोटंही ठरत नाही. आणि फसवलं कुणी? हा माणूस गिरगावात वाढला, जे. जे. मध्ये शिकला, पुढे दिल्लीत निजामुद्दीनला बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिला. वर्षाला मोजकी पाच-सहा चित्रं. २००१ मध्ये ते गेले. हे कोटी विकणाऱ्यांच्या खिशात गेले आहेत.

मेसेजच्या मुळाशी जी समजूत आहे ती अशी, की सिद्धांत म्हणजे चाळणी: कलाकृती वरून टाकायची आणि खाली काय पडतं ते पाहायचं. यावर मॉरिस वाइट्झ या तत्त्ववेत्त्यांचा १९५६ मधला एकच निबंध पुरतो. मी दर वर्षी वर्गात तो शिकवते. ते म्हणतात, कला ही मिटलेली संकल्पना नाही. नव्या कलाकृती येत राहतात आणि प्रत्येक वेळी ‘हिलाही कला म्हणायचं का’ हे नव्याने ठरवावं लागतं, म्हणून सगळ्या कलांना कायमची लागू पडेल अशी व्याख्या होऊ शकत नाही. पण मग जुने सिद्धांत फेकून द्यायचे का? नाही. व्याख्या म्हणून ते फसतात, पण प्रत्येक सिद्धांत एक आग्रह धरत असतो की कलाकृतीत अमुक गोष्टीकडे नीट पाहा. टॉलस्टॉय सांगतो भावनेकडे पाहा, मर्ढेकर सांगतात संवेदनांच्या नात्यांकडे पाहा, डँटो सांगतो चित्र कोणत्या इतिहासात उभं आहे ते पाहा. वाइट्झच्या व्याख्याविरोधावर पुढे बरीच टीका झाली, डिकीची व्याख्या हेच एका अर्थी त्यांना दिलेलं उत्तर. तरी सिद्धांत एखाद्या कलाकृतीला लावायचा म्हणजे काय करायचं, हे इतक्या सरळ शब्दांत मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आणि पाहण्याबद्दल म्हणाल तर मेसेजमधला फोटो दोन इंचांचा आहे. गायतोंडे रोलरने आणि पॅलेट नाइफने रंग चढवत, कागदाच्या तुकड्यांनी तो ठेवत आणि उचलत, थरावर थर देत. खालचा थर वरच्यातून कुठे झिरपतो, कुठे अडतो, यावर त्या चित्राचं सगळं उभं असतं. फोनवर तिथे एक पिवळा डाग दिसतो. ‘हे तर लहान मूलही काढेल’ अशी टिप्पणी मेसेजखाली कुणीतरी केली आहे. ज्यांनी उमेदवारीच्या काळात लघुचित्रांच्या शैलीचा अभ्यास करून माणसं रंगवली आणि मग ती ठरवून सोडली, त्यांच्याबद्दल हे म्हणण्याआधी त्यांची सुरुवातीची चित्रं तरी पाहायची होती.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं, आता भाऊजींसाठी लिहिते आहे. मुंबईत काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. सध्या त्यांचं चित्र भिंतीवर लावलेलं आहे का, ते फोन करून विचारते. असेल तर येत्या शनिवारी आपण तिघांनी जायचं, तिकिटं मी काढते. चित्रासमोर पहिली दहा मिनिटं मेसेजमधलं एकही नाव कुणी घ्यायचं नाही, मीसुद्धा.