बाळाला बाल्कनी लागत नाही

गुदमरेल म्हणे!

दुपारी मावसबहिणीचा फोन आला. दीड वर्षाचं पोर, पहिलीच क्रूझ, त्यासाठी काटकसर करून बाजूला टाकलेले पैसे. आणि बुकिंग करणाऱ्या माणसाने तिला सांगितलं, "मॅडम, एवढं लहान मूल घेऊन इनसाइड केबिन? खिडकीसुद्धा नाही हो तिथे, बाळ गुदमरेल. बाल्कनीच घ्या." बाल्कनी परवडत नाही, म्हणून ही बया आता जाणंच रद्द करायला निघाली आहे. "ताई, पोर जरा मोठं झालं की बघू." मला असा संताप आला की हातातलं काम टाकून हे लिहायला बसले. लांब होणार आहे, आत्ताच सांगते.

आधी त्या गुदमरण्याचं बघू. जहाजावरच्या प्रत्येक केबिनमध्ये हवा छतातल्या झडपेतून येते. इनसाइडमध्ये तीच, बाल्कनीत तीच. खिडकीच्या केबिनमधली खिडकी तर बहुतेक जहाजांवर उघडतच नाही. मग तिथलीही पोरं गुदमरत असतील का? घाबरलेल्या आईला अजून घाबरवलं की वरच्या दर्जाची केबिन विकली जाते, एवढंच गणित आहे ते. आणि आपण सगळ्याजणी त्याला बळी पडतो, कारण बाळाचं नाव काढलं की आपली जीभ टाळ्याला चिकटते.

आम्ही मुलीला घेऊन गेलो तेव्हा इनसाइडच घेतली होती. मधला भाग, खालचा डेक. आमच्या समोरचं दार बाल्कनी केबिनचं. तिथे एक कुटुंब होतं, मुलगा आमच्या मुलीच्याच वयाचा, म्हणजे दिसेल त्यावर चढणारा. पहिल्याच संध्याकाळी त्या बाईंचं दार उघडं दिसलं आणि आत बघते तर काय, बाल्कनीच्या काचेच्या दाराला सगळ्या सूटकेसेस एकावर एक रचलेल्या! वर पडदा ओढलेला. त्या मला म्हणाल्या, "याला कडी उघडता येते हे आम्हाला जहाजावर आल्यावर कळलं." खुर्च्या आधीच आत ओढून घेतल्या होत्या, तो त्यावर चढेल म्हणून. म्हणजे आमच्या कितीतरी पट पैसे मोजून त्या राहत होत्या इनसाइड केबिनमध्येच. वर त्यात दोन जास्तीच्या खुर्च्या.

कठडे सुरक्षित नसतात असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या 2010 च्या कायद्याने तिथल्या बंदरांतून प्रवासी घेणाऱ्या मोठ्या जहाजांवर कठडा किमान 42 इंच, म्हणजे साडेतीन फूट उंच हवा. उभ्या मुलाला पुरेसा आहे. खुर्चीवर उभ्या राहिलेल्या मुलाला नाही. आणि या वयाचं मूल सरळ उभं राहतं कधी?

आता अंधाराबद्दल. इनसाइड केबिनमध्ये दिवा बंद केला की स्वतःचा हात दिसत नाही. लोक हे तक्रार म्हणून सांगतात. अहो, ज्यांच्या घरी पहाटे उजाडल्या उजाडल्या उठून बसणारं मूल आहे त्यांना विचारा! आमची मुलगी त्या केबिनमध्ये जशी झोपली तशी घरीही कधी झोपली नव्हती. भर दुपारीसुद्धा. समोरच्या बाई रोज सकाळी लाल डोळ्यांनी दार उघडायच्या, कारण पडद्याच्या फटीतून ऊन आलं की त्यांचा चिरंजीव उठून सूटकेसचा डोंगर पाडायचा कार्यक्रम सुरू करायचा. रात्री पूर्ण काळोखाची भीती वाटत असेल तर छोटा रात्रदिवा न्या, किंवा न्हाणीघराचा दिवा लावून दार जरा लोटून ठेवा. बऱ्याच जहाजांवर टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल असतं, आवाज बंद करून ते लावलं तरी चालतं. सकाळ झाली की नाही तेही कळतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की केबिनचा दर्जा कमी बघा आणि जागा जास्त बघा. हे कोणी सांगत नाही, कारण चांगली जागा निवडण्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत, किंवा किरकोळ मिळतात.

जहाज लाटेवर डुलतं तेव्हा टोकं वरखाली होतात आणि मधला भाग त्या मानाने शांत राहतो, बागेतल्या सी-सॉसारखं. म्हणून मधे, आणि जितकं खाली तितकं बरं. जहाजाच्या पोटाशी पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते दोन्ही बाजूंना झुकणं कमी करतात, पण पुढचं टोक आपटतं ते त्यांना फारसं थांबवता येत नाही. गंमत म्हणजे दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा बोट लागत नाही. लागते ती आईबापांना. आणि उलट्या करणाऱ्या आईबापांसमोर ठणठणीत, भुकेलं, नाचणारं मूल यासारखी शिक्षा नाही. उंचावरची, पुढच्या टोकाची, महागडी बाल्कनी घेऊन ही शिक्षा विकत घेणारे लोक आहेत.

मग आवाज. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडायचा आणि आपल्या केबिनच्या वर काय आहे आणि खाली काय आहे ते बोट ठेवून बघायचं. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर ती केबिन डोळे झाकून घ्या. वर पोहण्याचा डेक असेल तर पहाटे खुर्च्या फरफटतात. खाली नाट्यगृह किंवा नाचाचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढमढम. अगदी पुढे नांगराची साखळी, आणि बंदरात शिरताना टोकांकडचे थ्रस्टर, म्हणजे जहाज बाजूला सरकवणारे पंखे, घरघरतात, पूर्ण केबिन थरथरते. नकाशात एखाद्या केबिनशेजारी नुसता पांढरा चौकोन दिसला, नाव नाही, तर ते बहुधा कर्मचाऱ्यांच्या कामाची जागा असते, ढकलगाड्या आणि दारं आपटणं आलंच. लिफ्टच्या अगदी समोर नको, पण फार लांबही नको, कारण बाबागाडी, पिशवी आणि हट्टाला पेटलेलं मूल घेऊन तो कॉरिडॉर संपता संपत नाही.

आणि शेजारच्या केबिनमध्ये उघडणारं जोड-दार असलेली केबिन नको, शेजारचे आपलेच असल्याशिवाय. त्या दारातून शेजारच्यांचं घोरणंसुद्धा येतं, आणि आपल्या पोराचं रात्री दोनचं रडणं त्यांच्याकडे जातं. आपलेच लोक असतील, आजीआजोबा वगैरे, तर मात्र जोड-दाराच्या दोन इनसाइड केबिन म्हणजे सोनं. दोन न्हाणीघरं, एकीकडे मूल झोपलेलं, दुसरीकडे दिवा लावून माणसं. काही वेळा हे एका बाल्कनीपेक्षा स्वस्त पडतं. काही वेळा नाही पडत, कारण केबिनमधल्या पहिल्या दोघांचं भाडं पूर्ण असतं आणि तिसऱ्या-चौथ्याचं सहसा कमी. बाळाला दुसऱ्या केबिनमधला दुसरा प्रवासी केलं की त्याला पूर्ण भाडं पडतं. दोन्ही तऱ्हेने हिशोब मांडून बघा. एजंट मांडत नाही.

बाळ "फुकट" असतं हा अजून एक गैरसमज. बंदर शुल्क आणि कर बाळालाही लागतात. रोजची टिप काही कंपन्या दोन वर्षांखालच्यांना माफ करतात, काही कुणालाच सोडत नाहीत. आणि बाळ हा जहाजाच्या हिशोबात पूर्ण माणूस असतो, कारण जीवरक्षक होडीतली जागा मोजायची असते. दोघांच्या केबिनमध्ये "मांडीवर घेऊ" चालत नाही. हे मला पटतं. एका दिवसाहून मोठ्या प्रवासात प्रत्येक तान्ह्यासाठी त्याच्या मापाचं लाइफजॅकेट जहाजावर असायलाच हवं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. चढल्यावर पहिलं काम ते मागून घ्यायचं. लाजायचं नाही.

बरं, आता मान्य करायचं ते करते. इनसाइड केबिन लहान असते. साधारण दीडशे ते एकशे पंच्याऐंशी चौरस फूट, त्यात पाळणा उघडला की चालायला वाट उरत नाही. मान्य. पण बाल्कनीवालीची आतली खोली काही दिवाणखाना नसते, जास्तीचे पैसे बरेचसे बाहेरच्या तुकड्याचे असतात. तोच तुकडा, ज्याला समोरच्या बाईंनी सूटकेसेस लावल्या होत्या.

जागा काढायच्या युक्त्या आहेत. केबिनच्या भिंती पोलादी असतात, लोहचुंबकाचे हुक चिकटतात. आम्ही पाळण्याच्या आणि पलंगाच्या मधे चादर टांगली होती, तेवढ्याने मुलीला आम्ही दिसेनासे झालो आणि ती झोपायला लागली. रिकाम्या सूटकेसेस पलंगाखाली जातात (समोरच्यांच्या सोडून). बाबागाडी छत्रीसारखी मिटणारीच न्या. साध्या केबिनचं दार बऱ्याच जहाजांवर दोन फुटांच्या आसपास असतं आणि गाडी कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत. न्हाणीघराला उंबरठा असतो, पहिल्या दिवशी सगळेच ठेचकाळतात. टब नसतो, नुसता शॉवर. हवा भरायचा छोटा टब न्या. डिस्नेच्या जहाजांवर बऱ्याच केबिनमध्ये टब असतो, 1998 च्या पहिल्या जहाजापासून, पण त्यांचं भाडं बघितलं की टबाची हौस फिटते.

खिडकीवाली मधली पायरी वाईट नाही. भाड्यातला फरक थोडा असेल तर मी घेईन. त्यातही "दृश्य अडलेली" म्हणतात ती स्वस्त असते, खिडकीसमोर जीवरक्षक होडी टांगलेली. आपल्याला वाटतं फसलो. पोराला विचारा! दीड वर्षाच्या मुलाला निळ्या पाण्यापेक्षा केशरी होडीत शंभरपट रस असतो. काही जहाजांवर इनसाइडमध्ये खोटी खिडकीही असते. डिस्ने ड्रीमवर 2011 पासून बाहेरचं दृश्य दाखवणारा गोल स्क्रीन आहे, नॅव्हिगेटर ऑफ द सीजवर 2014 मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनीने छतापासून जमिनीपर्यंतचा स्क्रीन लावला. मुलं त्याला हात लावून बघतात. तेवढंच.

एक गोष्ट मात्र लिहिताना मनात टोचते आहे, ती सांगितल्याशिवाय हे अर्धवट राहील. मूल आठला झोपलं की इनसाइडमधल्या आईबापांचं काय? मुलाला एकटं ठेवून जाता येत नाही, जाऊही नये. पोलादी भिंतींमुळे बेबी मॉनिटरचाही भरवसा नाही. आम्ही पाळी लावली होती, एक अंधारात मोबाईल पोटाशी धरून, दुसरा वर डेकवर. म्हणजे सुट्टीला एकत्र गेलो आणि संध्याकाळी वेगवेगळे राहिलो. समोरच्या बाई एका रात्री कॉरिडॉरमध्ये भेटल्या. मी जरा खवचटपणेच विचारलं, "बाल्कनीचा काही उपयोग?" त्या म्हणाल्या, "तो झोपला की आम्ही दोघं सूटकेसेस हळूच सरकवतो आणि बाहेर बसतो. अर्धा तास. तो जन्मल्यापासून आम्ही दोघं असे बसलोच नव्हतो." यावर मी काय बोलणार? काही बोलले नाही.

तर असेल कुणाला तो अर्धा तास हवा आणि परवडत असेल, तर खुशाल घ्या. पण मग तो स्वतःसाठी घ्या. "बाळासाठी" म्हणून कर्ज काढू नका, आणि बाळासाठी म्हणून कुणाची सुट्टी रद्दही करू नका. बाळाला ना समुद्राचं दृश्य हवं, ना वारा. त्याला लिफ्टची बटणं हवी असतात.

खरं तर एजंटने जे सांगायला हवं होतं ते तिला सांगितलंच नाही. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, आणि सलग बरेच दिवस समुद्रात असणाऱ्या लांबच्या प्रवासाला एक वर्ष पूर्ण लागतं. अमेरिकी बंदरांत जाणाऱ्या जहाजांवर लंगोट घालणाऱ्या मुलांना मुख्य तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचा खास लंगोट असला तरी. त्यांच्यासाठी वेगळी पाण्याची जागा काहीच जहाजांवर असते. खेळघरात मोफत प्रवेश बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांपासून, तोही लंगोट सुटलेला असेल तर. त्याआधीच्यांसाठी पाळणाघर असलं तर तासाचे पैसे. केबिन निवडण्याआधी जहाज निवडताना हे बघायचं असतं! बाल्कनीत वाचवलेले पैसे या तासांवर घालवा ना. दोघं एकत्र जेवाल तरी.

मघाशी मावसबहिणीचा मेसेज आला, "ताई, अजून स्वस्तातली दिसतेय, 'गॅरंटी' म्हणून, ती घेऊ?" नाही गं बाई! त्यात केबिन नंबर कंपनी ठरवते, तोही शेवटी शेवटी. नाचाच्या हॉलच्या डोक्यावर देतील, नाही म्हणता येणार नाही. दोघं तरुण असता तर म्हटलं असतं घे. थोडे जास्त भर, नंबर स्वतः निवड, पैसे भरण्याआधी डेक प्लॅन मला पाठव. आणि पाळण्याची मागणी आजच लेखी नोंदव, ते मोजकेच असतात.